‘नॉर्मल’ रिपोर्टनंतरची छातीतली कळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छातीत दुखते म्हणून माणूस रात्री हॉस्पिटल गाठतो. कार्डिओग्राम निघतो, रक्त तपासायला जाते, दुसऱ्या दिवशी टूडी एको, आठवड्याभरात स्ट्रेस टेस्ट. सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि चौथ्या दिवशी विरार फास्टमध्ये दांडीला लोंबकळत असताना पुन्हा तीच कळ, तोच डावा हात जड. आता सांगायचे कुणाला? घरचे म्हणतात, ‘अहो, रिपोर्ट चांगले आलेत ना, मग गॅसच असेल, ओवा खा.’ डॉक्टर म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ पुढचे काही महिने मग दोनपैकी एका वाटेने जातात. कुणी दर महिन्याला नव्या डॉक्टरकडे तोच कार्डिओग्राम काढत फिरतो, तर कुणी लाजेने बोलायचेच सोडून देतो. आमच्या मते दोन्ही वाटा चुकीच्या.

‘नॉर्मल’ हे उत्तर असते, पण प्रत्येक तपासणीला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. तो प्रश्न पेशंटला कुणी समजावून सांगत नाही. त्यासाठी हे पत्र.

कार्डिओग्रामपासून सुरुवात करू. ती पट्टी जेमतेम दहा सेकंदांची. त्या दहा सेकंदांत हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असेल, तर पुष्कळदा दिसते, पण नेहमीच नाही. कळ थांबल्यावर तासाभराने काढली, तर पट्टी स्वच्छ येऊ शकते. म्हणून पट्टी काढताना छातीत दुखत होते की नव्हते, हे तिच्यावरच पेनने लिहून घ्यावे. जुनी पट्टी जपून ठेवावी, कारण पुढच्या वेळी डॉक्टरला ‘आधी कशी होती’ हे कळले तर अर्धे काम होते. मात्र तो कागद थर्मल असतो. फायलीत, उजेडात राहिला की वर्षभरात फिका पडतो, आणि टिकावा म्हणून लॅमिनेट केला तर उष्णतेने काळाठिक्कर होतो. झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, एवढेच सांगते. ते रक्तात वाढायला काही तास लागतात. कळ सुरू झाल्यावर तासाभरात घेतलेला एकच नमुना निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असे होत नाही. नव्या, जास्त संवेदनशील किटने एक ते तीन तासांनी आणि जुन्या किटने सहा तासांनी दुसरा नमुना लागतो. ‘दुसऱ्यांदा रक्त कशाला, बिल वाढवायला?’ असे म्हणून पेशंटला घेऊन निघून जाणारे नातेवाईक नेमके इथे चुकतात. शिवाय ज्या कळीत स्नायूला इजा होत नाही, फक्त रक्त कमी पडते, तिच्यात ट्रोपोनिन वाढतच नाही.

टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हिच्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. एकोत झडपा दिसतात, पंपाची ताकद दिसते, स्नायूचा एखादा भाग नीट हलत नसेल तर तो दिसतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे नेहमीच्या एकोत दिसत नाही. शिवाय तो आडवे झोपवून, आराम करताना काढलेला असतो. रिपोर्टच्या शेवटी ‘नो क्लॉट, नो पीई’ असे छापलेले असते. त्यातला ‘पीई’ म्हणजे हृदयाभोवती साचलेले पाणी. फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीलाही डॉक्टर ‘पीई’च म्हणतात, त्यामुळे इंटरनेटवर वाचून आलेली मंडळी ‘गुठळी नाही असे लिहिले आहे’ म्हणून निश्चिंत होतात. एकोच्या त्या ओळीने गुठळीची शंका फिटत नाही.

आता स्ट्रेस टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत काढलेला कार्डिओग्राम. इथे जरा थांबून तो कागद हातात घ्यावा. पहिल्या पानावर शेवटी ‘निगेटिव्ह’ लिहिलेले असते आणि सगळे तेवढेच वाचतात. वाचायचे आणखी तीन ठिकाणी. एक, कमाल ठोके. २२० मधून वय वजा करा आणि त्याचे ८५ टक्के काढा; पन्नाशीच्या माणसासाठी हा आकडा १४५ च्या आसपास येतो. ठोके तिथवर पोचलेच नसतील, तर टेस्टला ‘निगेटिव्ह’ म्हणण्यापेक्षा ‘अपुरी’ म्हणणे खरे. दोन, टेस्ट का थांबवली. ‘पाय दुखले’, ‘दम लागला’ की ‘छातीत दुखले’, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तीन, मिनिटे. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवातच ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढाने होते. साडी आणि चपलांवर आलेल्या बाईला दुसऱ्या टप्प्यातच उतरवावे लागते. काही जण समोरचा दांडा इतका घट्ट धरतात की शरीराचा भार हातांवर जातो आणि कागदावर क्षमता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी सुरू असेल तर ठोके पुरेसे वाढत नाहीत. ती गोळी टेस्टआधी बंद ठेवायची का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरलाच विचारावे, स्वतःच्या मनाने सोडू नये.

सगळे नीट होऊन टेस्ट निगेटिव्ह आली, तरी तिला वॉरंटी कार्ड समजू नका. साधारण ७० टक्क्यांच्या पुढे नळी अरुंद झाली की धावताना रक्त कमी पडू लागते आणि टेस्टला ते बहुधा कळते. त्याहून कमी अडथळा टेस्टला दिसत नाही, आणि हार्ट अ‍ॅटॅक पुष्कळदा नळीच्या आत साचलेल्या चरबीच्या अशाच लहान थराला चीर पडून, तिथे गुठळी बसून येतो. आपल्याकडे अ‍ॅटॅकचे वय लवकर येते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांच्या पाहणीत दक्षिण आशियाई लोकांना पहिला अ‍ॅटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतरांना ५९ च्या सुमारास. म्हणून मधुमेह, तंबाखू किंवा घरात लवकर हृदयविकार झालेल्या माणसाची कळ श्रमाने येत असेल, तर स्ट्रेस टेस्टवर न थांबता सीटी अँजिओग्राफीबद्दल, म्हणजे हृदयाच्या नळ्यांच्या सीटी स्कॅनबद्दल, विचारावे. त्याआधी क्रिएटिनिन तपासतात, कारण शिरेतून द्यायचे औषध किडनीला त्रास देऊ शकते, आणि ठोके साठ-पासष्टच्या खाली आणावे लागतात. नाहीतर चित्र हलते.

अँजिओग्राफीही स्वच्छ आली तर? तिथेही हृदयाचा विषय संपत नाही, आणि हे डॉक्टर मंडळीही पुष्कळदा विसरतात. अँजिओग्राफीत मोठ्या नळ्या दिसतात; स्नायूत शिरणाऱ्या बारीक नळ्या दिसत नाहीत. त्या नीट रुंदावत नसतील तर खरी, हृदयाचीच कळ येते. हा प्रकार पाळी जाण्याच्या वयाच्या बायकांत जास्त दिसतो. थांबल्यावरही कळ बराच वेळ रेंगाळते आणि जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीने पटकन उतरत नाही, ही त्याची खूण. दुसरा प्रकार नळीला येणाऱ्या पेटक्याचा. १९५९ मध्ये प्रिंझमेटल यांनी त्याचे वर्णन केले. कळ श्रमाने न येता झोपेत, पहाटेच्या सुमारास येते, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. यात कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातली औषधे उपयोगी पडतात. बीटा ब्लॉकरने (वरच्या मेटोप्रोलॉलचा गट) उलट पेटका वाढू शकतो. म्हणजे ‘नळ्या मोकळ्या आहेत, पण कळ रोज पहाटे चारला येते’ हे वाक्य डॉक्टरला सांगितले की औषधच बदलू शकते.

आता हाताकडे वळू. हृदय दुखले की हात का दुखतो? हृदयाकडून आणि हाताच्या आतल्या बाजूकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात एकाच मजल्यावर उतरतात, आणि मेंदूला नेमका पत्ता लागत नाही. हाच घोळ उलट दिशेनेही होतो: मानेतली, खांद्यातली, छातीच्या स्नायूतली गडबड हृदयाच्या वेशात येते. हृदयाचे दुखणे बहुधा जडपणाचे, दाबल्यासारखे असते. माणूस ते मूठ छातीवर ठेवून दाखवतो. नसेचे दुखणे बोटे सांगतात. अंगठा आणि तर्जनीत मुंग्या येत असतील तर मानेतली सहावी नस, मधल्या बोटात तर सातवी, करंगळी-अनामिकेत तर आठवी. मान वर करून दुखऱ्या बाजूला वळवल्यावर कळ हातात उतरते आणि हात डोक्यावर ठेवल्यावर हलके वाटते, असे असेल तर मानेवरचा संशय पक्का होत जातो. फक्त करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर असेल, तर आधी कोपर बघा. रात्री कोपर पूर्ण दुमडून, मोबाइल तोंडापुढे धरून झोपणाऱ्यांची तिथली नस ताणली जाते. उपाय स्वस्त आहे: झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून सेलोटेप लावा, म्हणजे झोपेत ते पुरते दुमडत नाही. तीन-चार आठवडे सलग करावे लागते. दोन रात्रींत फरक नाही म्हणून सोडून देतात आणि मग एमआरआय काढतात. अंगठ्याकडच्या तीन बोटांना रात्री मुंग्या येऊन हात झटकावा लागत असेल, तर दोष मनगटात.

मुंबईची खास भेट म्हणजे छातीपुढे घेतलेली सॅक. गर्दीत पाकीटमारी नको आणि मागच्याला धक्का नको म्हणून लॅपटॉपची पाच-सहा किलोंची पिशवी पोटाशी, एक हात वरच्या दांडीला. तासभर खांदे पुढे ओढलेले. छातीच्या वरच्या भागात, बरगड्यांपासून खांद्याच्या हाडाकडे जाणारा एक लहान स्नायू त्याने आखडतो आणि त्याच्याखालून हाताला जाणाऱ्या नसा जातात. दुखणे छातीच्या पुढच्या भागातून दंडाच्या आतल्या बाजूने थेट करंगळीपर्यंत उतरते. कुणालाही हृदयच वाटावे. दाराच्या चौकटीचा ताण यावर चांगला: कोपर खांद्याच्या उंचीवर, काटकोनात चौकटीला टेकवा, त्याच बाजूचा पाय पुढे टाका, छाती पुढे जाऊ द्या. वीस-तीस सेकंद, तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. चूक होते ती खांदा कानाकडे उचलला जाण्यात आणि मान पुढे काढण्यात. हातात मुंग्या वाढल्या तर ताण जास्त झाला, अर्ध्यावर आणा. सॅक गाडीत शिरल्यावर वरच्या रॅकवर टाका. चोरीची भीती आम्हालाही मान्य आहे, पण निदान डब्यापुरती पायाशी ठेवा.

बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या असतात. ते सांधे सुजतात, विशेषतः दुसरी ते पाचवी बरगडी. एका बोटाने, मधल्या हाडाच्या कडेने, एकेक सांधा दाबत खाली या. नेमक्या एखाद्या जागी ‘हीच, हीच ती कळ’ असे वाटले तर निम्मे निदान झाले. मागच्या पंधरवड्यात काय केले ते आठवा: दिवाळीत सोऱ्याने चार किलो चकल्या पाडल्या, खोकल्याची उबळ आठवडाभर होती, पंखा पुसायला हात वर करून उभे राहिलात, जिममध्ये बेंच प्रेस सुरू केला. हे दुखणे काही आठवडे ते काही महिने चालते, आणि रोज दाबून बघण्याच्या सवयीने आणखी लांबते. शेक आणि वर लावायचे जेल पुरते. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणून खाऊ नयेत. त्यांनी हृदयाचा धोका वाढतो, आणि आपण नेमके हृदयाचीच शंका फेडत आहोत. आणखी एक: दाबल्यावर दुखते म्हणून हृदय निर्दोष, हा नियम नाही. अ‍ॅटॅक आलेल्या काही जणांची छातीही दाबल्यावर दुखते. दाबून पाहण्याला किंमत येते ती हृदयाच्या तपासण्या नीट झाल्यानंतरच.

गॅसबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. ‘गॅस’ हे मराठी घरातले सर्वांत धोकादायक निदान आहे, कारण ते कधीकधी बरोबर असते. अन्ननलिका आणि हृदय यांच्या नसा शेजारी, त्यामुळे आम्लपित्ताची जळजळ किंवा अन्ननलिकेचा पेटका छातीत आणि हातातही जाणवू शकतो. पण सोडा पिऊन ढेकर आल्यावर बरे वाटले म्हणून ते पोटाचेच, असे सिद्ध होत नाही. आणि जिभेखालच्या सॉर्बिट्रेटने उतरले म्हणून ते हृदयाचेच, असेही नाही. ती गोळी अन्ननलिकेचा पेटकाही सोडवते. खरी चाचणी अशी: डॉक्टरच्या सल्ल्याने पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, रोज, किमान चार ते आठ आठवडे. आपल्याकडे ती जेवल्यावर, दुखेल तेव्हा, एखाद-दुसरी खाल्ली जाते आणि ‘पित्ताच्या औषधाने काही झाले नाही’ असा निष्कर्ष निघतो. साडेदहाला जेवून अकराला आडवे होणाऱ्याने आधी ती वेळ बदलावी: जेवण आणि झोप यांत तीन तास, आणि उशांचा ढीग न रचता पलंगाच्या डोक्याकडचे पाय सहा इंच उंच.

काही गोष्टी मात्र कुणीतरी एकदा बघायलाच हव्यात, आणि त्या साध्या आहेत. रक्तदाब दोन्ही हातांत मोजा. वरच्या आकड्यात १५-२० चा फरक सारखा येत असेल, किंवा एका मनगटाची नाडी क्षीण लागत असेल, तर हाताला जाणारी धमनीच अरुंद असू शकते. तरुण मुलींमध्ये ताकायासूचा आजार (मोठ्या धमन्यांना येणारी सूज) आपल्याकडे दिसतो आणि तो वर्षानुवर्षे ‘हात दुखतो’ या नावाखाली राहतो. हिमोग्लोबिन बायकांत १२ च्या, पुरुषांत १३ च्या खाली असेल तर जिना चढताना छाती भरून येणे, धडधड हे त्यामुळेही असते. थायरॉइड तपासा. बी-१२ तपासायचे असेल तर मिथाइलकोबालामिनच्या गोळ्या सुरू करण्याआधी. आठवडाभर खाऊन मग तपासले तर आकडा छान येतो आणि कारण हरवते. छातीचा एक्सरे काढा: खोल श्वास घेताना टोचणारी कळ, संध्याकाळचा ताप आणि उतरणारे वजन असेल तर मुंबईत क्षयाचा विचार आधी. तंबाखू ओढणाऱ्या माणसाचा खांदा आणि हाताची आतली बाजू रात्रंदिवस ठणकत असेल, तर फुप्फुसाच्या टोकाकडे मुद्दाम बघायला सांगा, साध्या एक्सरेत ती जागा गळ्याखालच्या आडव्या हाडाआड लपते. आणि छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर चार दिवस त्वचेकडे लक्ष ठेवा. नागिणीचे फोड दुखण्याच्या मागून येतात.

मनाचा भाग शेवटी घेतो आहोत, तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे; तो सांगितला की पेशंट उठून जातो म्हणून. भीतीने श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, छाती आवळते, आणि त्या मुंग्यांनी भीती आणखी वाढते. हे खोटे दुखणे नाही. अशा झटक्याचा जोर बहुधा दहा मिनिटांत शिखर गाठून उतरतो. नाकाने चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सिनेमातला उपाय करू नका. ती कळ खरोखर हृदयाची निघाली तर आधीच कमी पडणारा प्राणवायू आणखी कमी होतो. अशा रेंगाळणाऱ्या दुखण्यावर डॉक्टर कधी रात्री अमिट्रिप्टिलिन दहा मिलिग्रॅम देतात. इंटरनेटवर ‘नैराश्याचे औषध’ असे दिसते आणि मुलगा आईची गोळी बंद करतो. एवढ्या कमी मात्रेत ती नसांची संवेदना बोथट करायला दिलेली असते.

डॉक्टरकडे जाताना फाइलपेक्षा एक वही जास्त उपयोगी. दोन आठवडे, प्रत्येक कळीला एक ओळ: तारीख-वेळ, किती मिनिटे, त्या आधी काय करत होतो, बोट ठेवून दाखवता येते की तळहात लागतो, कोणती बोटे, कशाने थांबली. ‘मंगळवार, सकाळी ८.४०, दादरचा पूल चढताना, चार मिनिटे, थांबल्यावर गेली’ अशा तीन ओळी सापडल्या, तर सगळे रिपोर्ट नॉर्मल असले तरी तो माणूस पुन्हा हृदयाच्या डॉक्टरकडे जातो. ‘दिवसभर टोचते, दोन सेकंद, कुशीवर वळल्यावर’ अशा वीस ओळी असतील तर तो फिजिओथेरपिस्टकडे. दिवसातून दहा वेळा नाडी मोजून लिहू नका. ती वही दुखणे वाढवते.

आणि वही बाजूला टाकायची वेळ कोणती? दरदरून घाम, जबडा किंवा पाठीकडे जाणारे दडपण, धाप, चक्कर, काही मिनिटांत न थांबणारी कळ, किंवा पूर्वी जिन्याने यायची ती आता बसल्या जागी येणे. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत नुसता अचानक थकवा आणि मळमळही. कालच रिपोर्ट नॉर्मल आला असला तरी १०८ ला फोन करा किंवा जवळचे कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय) असलेले हॉस्पिटल गाठा, स्वतः गाडी चालवू नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल आणि पाठीत फाटल्यासारखी कळ नसेल, तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे घरात ७५ ची असेल तर चार गोळ्या, चावून खा. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट मात्र घेऊ नका; रक्तदाब आधीच उतरला असेल, किंवा मागच्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतली असेल, तर तीच जिवावर बेतते.

हॉस्पिटलांकडे आमची एक मागणी आहे. २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी ‘अटिपिकल’ (नेहमीसारखी नसलेली कळ) हा शब्दच वापरू नका, कळ हृदयाची आहे, असू शकते की नाही, ते लिहा, असे सांगितले. आपल्या डिस्चार्ज कार्डावर अजून ‘अटिपिकल चेस्ट पेन, रिअश्युअर्ड’ (म्हणजे ‘धीर दिला’) एवढेच असते. त्याऐवजी तीन ओळी मराठीत लिहाव्यात: या तपासण्यांनी काय नाही हे ठरले, काय ठरायचे राहिले, आणि पुढे कुणाकडे कधी जायचे. आपणही २९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाच्या पुरवणीत ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींशेजारी थोडी जागा रिपोर्ट कसा वाचावा याला द्यावी, ही विनंती.

आपले,
एक फिजिशियन आणि एक फिजिओथेरपिस्ट
परळ, मुंबई